सल्ला दिला? जा, पाणी आण!

परवा मनीषनगरच्या भाजीबाजारात अंकुश भेटला. वांदिले मॅडमचा जुना विद्यार्थी, उंच, वाकून चालते, आता एका शाळेत समुपदेशक आहे, पोट्ट्याईसंगं बसून बोलाचं काम. मले म्हणे, "वहिनी, मॅडम किती शांत होत्या ना!"

माह्यं डोकंच फिरलं. हातात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी होती ते तशीच टोपल्यात फेकली. कोण शांत? वांदिले मॅडम शांत? बाई मेली नाही अजून, गाव सोडून गेली फक्त, आन ह्याईनं आतापासूनच तिले धुवून-पुसून देव्हाऱ्यात बसवलं. मी दहावी नापास, मले धड लिहिता येत नाही, पण घरी आली, आरूले झोपवलं आन लिहाले बसली. कोणीतरी खरं सांगाले पाहिजे.

आम्ही एकाच घरात भाड्यानं होतो. मॅडम वरच्या खोलीत एकट्या, आम्ही खाली मागच्या बाजूले, मी, माहा नवरा प्रफुल आन आरू, तेव्हा ते तान्हीच होती. प्रफुल कोराडीले वीजघरात ठेकेदाराच्या हाताखाली, संध्याकाळी अंगावर राख घेऊन ये. मॅडम कॉलेजात तासिकेवर होत्या, म्हणजे पक्क्या नाही, दरवर्षी बोलावलं तं जायचं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या पोट्ट्याईले त्या मानसशास्त्र शिकवत. त्यात बोलून मनाचा इलाज करतात ना, त्याची पहिली पायरी. दुःखी माणसापुढं बसायचं कसं, ऐकायचं कसं, आपलं तोंड बंद ठेवायचं कसं. मी पहिल्यांदा ऐकलं तं हसली. म्हटलं, हे काय शिकवाची गोष्ट आहे?

"ये एक दिवस," मॅडम म्हणे. "मंग हास."

आन ऐकणं शिकवणारी बाई स्वतः कोणाचं ऐकत होती म्हणता का तुम्ही? घरमालकाचं एक वाक्य पूर्ण होऊ देल्लं नाही कधी. भाजीवाला भाव सांगाच्या आत याईचा भाव सांगून होये. भावाचा फोन आला का "हो रे, हो रे, ठेव आता" आन धाडकन बंद. जिना उतरत तं अख्ख्या गल्लीले कळे, पायात पोट्ट्यावाणी जाड बूट, सलवारवर. वर्गात पुस्तकातलं बोलत, "आपण असं करूया" वगैरे. पण राग आला का सगळं पुस्तक गळून पडे आन आपल्यावाणी सुरू होत. "काय बे, तोंडात काय दही जमवलं का?" अशा. राग तं नाकावरच होता त्याईच्या, चष्म्याच्या बाजूलेच.

त्याईले वर्गात बसाले खरी माणसं लागत. पोट्टे-पोट्टे एकमेकाईपुढं बसले का खिदळतात, म्हणून. एक दिवस जिन्यातूनच ओरडल्या, "पायल, चाल वं! अर्धा तास बस फक्त. एखादी गोष्ट सांगायची, पण लहान. डब्यात मावन एवढीच आणजो. मोठं काही काढू नको, हे अजून कच्चे आहेत."

मी आरूले कडेवर घेतलं आन गेली. मले कोण विचारते कुठं चालली म्हणून.

वर्गाच्या दारात एक मोठा कुकर ठेवला होता. येणारा प्रत्येक पोट्टा त्यात आपला मोबाईल टाके आन आत जाये. सगळे आले का मॅडम झाकण लावत. मंग विचारत, "हिले कोणी ओळखते का? ओळखत असन त्यानं बाहेर जा." हे दर वेळी विचारत. आन सांगत, "इथं जे ऐकलं ते ह्या भिंतीच्या बाहेर जाणार नाही. मित्राले नाही, मायले नाही, देवाले बी नाही. एकच सोडून. कोणाच्या जीवाले धोका दिसला तं चूप बसायचं नाही." हे शेवटचं ध्यानात ठेवा, ह्याच्यावरच माह्यं घर उलथलं.

मंग एक पोट्टी माह्यापुढं बसली. मी सांगितलं का आमच्या मोरीचं पाणी तुंबते, घरमालक ऐकत नाही. ते लगेच म्हणे, "ताई, तुम्ही त्यात सोडा टाकून पाहा ना."

"सल्ला दिला!" मॅडम मागून गरजल्या. "जा, पाणी आण!"

हा त्याईचा कायदा होता. जो सल्ला देईन त्यानं उठायचं, बाहेरच्या नळावरून ग्लास भरून आणायचा आन समोरच्या माणसापुढं ठेवायचा. "माणूस रडत आला तं त्याले पाणी द्या," त्या म्हणत, "अक्कल नका देऊ. अक्कल त्याले सकाळपासून सगळ्याईनं देल्ली आहे." आपल्याकडे तं तुम्हाले माहीत आहे, डोकं दुखते म्हटलं का चौघं चार औषधं सांगतात. अर्ध्या तासात माह्यापुढं टेबलावर जागा उरली नाही, ग्लासच ग्लास, आन आरू त्यात हात घालून खेळून राहिली. मोरीचं काही झालं नाही. पण घरी येताना मले हलकं वाटलं, खोटं काहून बोलू.

मंग मी जातच राहिली. कधी मोरी, कधी कुत्रं, कधी प्रफुलचं घोरणं. सासूचे फोन बी सांगितले एकदा, सासू पारशिवनीले राहे, रोज फोन करून विचारे का पोरीले टाळू भरली का, काजळ लावलं का. लहानच गोष्टी. पण दिवसभरात कोणी "मंग?" म्हणून विचारणारं तेच एक ठिकाण होतं, त्या खुर्चीत.

पोट्टे शिकत होते आन चुकत होते. समोरच्यानं जे म्हटलं तेच त्याले आपल्या शब्दात परत म्हणून दाखवाचं, असं मॅडमनं शिकवलं तं ह्या अंकुशनं घरी जाऊन बापावरच केलं. बाप गाडीची चाबी हरवली म्हणून ओरडून राहिला होता. हा म्हणे, "बाबा, तुम्हाले राग आल्यासारखा दिसते." बाप म्हणे, "दिसते? थांब, दाखवतोच तुले." आन चप्पल घेऊन मागं लागला. वर्गात सांगितलं तं मॅडम खोकला येईपर्यंत हसल्या. मंग एकदम टेबलावर हात आपटला. "घरी डॉक्टरकी करायची नाही म्हणून सांगितलं होतं का नाही? कोणाच्या ओसरीवर जाऊन शिकलेलं पाजळायचं नाही!" हे बी ध्यानात ठेवा.

तो दिवस आला. मॅडम त्या दिवशी घरमालकासंगं भांडूनच निघाल्या होत्या, वर्गाले उशीर झाला, कुकर लावला, पण ते विचाराचं राहून गेलं. हिले कोणी ओळखते का, हे. रोज विचारणारी बाई त्याच दिवशी विसरली.

धडा होता चूप बसाचा. समोरचा थांबला तं आपणबी थांबायचं, घाई करायची नाही. माह्यापुढं अंकुश बसला. मी गॅसच्या सिलिंडरचं सांगितलं आन थांबली. तो बी थांबला. मी म्हटलं आता काहीतरी बोलन. बोलेच ना. नुसता पाहे, डोळे मऊ करून. बोलला असता एखादं वाक्य तं मी वाचली असती हो! पण तो चूप, वर्ग चूप, पंखा फिरून राहिला, आन माह्या तोंडातून ते निघालं जे मी प्रफुलले बी सांगितलं नव्हतं. म्हटलं, सुरी पाहिली का मले भेव वाटते. भाजी चिरता चिरता डोक्यात येते का माह्या हातून आरूले काही झालं तं? मी सुरी पत्र्याच्या डब्यात ठेवते, डबा वर फळीवर ठेवते, तरी येते. जिन्यावर गेली तं येते का सोडून देल्लं तं? मी पोरीले आंघोळ घालाले भेते. मी माय आहे का कोण आहे?

"इथं थांबू," मॅडम म्हणाल्या. आवाज एकदम बारीक. सगळ्याईले बाहेर काढलं, दार लावलं आन स्वतः माह्यापुढं बसल्या. सरळ विचारलं, "तुले तसं करावं वाटते, का तसं होईन म्हणून भेव वाटते?"

"भेव! मले मराचं भेव नाही एवढं भेव!"

त्याईनं आणखी विचारलं. आवाज ऐकू येतात का, झोप किती होते, स्वतःले काही करावं वाटते का. माह्या उत्तराआधी एकदाही बोलल्या नाही, तेच एकदा असन. मंग म्हणे, "बाळंतपणानंतर पुष्कळ मायाईले असे विचार येतात पायल. विचार येणं म्हणजे करणं नाही. पण हे माह्या वर्गाचं काम नाही, डॉक्टरचं आहे. उद्या सकाळी आपण जाऊ." हात धरून घरी आणलं. त्या रात्री कितीतरी दिवसानं मी झोपली.

आन सकाळी सासू दारात उभी.

वर्गात प्रणाली नावाची पोट्टी होती, पारशिवनीवरून येणं-जाणं करे. माह्या सासूच्या गल्लीतली. मी लग्नानंतर तिथं राहिलीच किती, मी तिले ओळखत नव्हती, तिनं मले ओळखलं होतं. एरवी मॅडमनं विचारलं का ते उठून बाहेर जाये, त्या दिवशी विचारलंच नाही तं बसून राहिली. तिनं काय केलं? जीवाले धोका दिसला तं चूप बसायचं नाही, हे तिनं ध्यानात ठेवलं होतं ना! मॅडमले सांगायचं तं संध्याकाळी बसमधून उतरून सरळ माह्या सासूच्या ओसरीवर गेली. घरच्याईले सांगावं असं तिले वाटलं. पुस्तक बरोबर, ओसरी चूक.

सासूनं आरूले पाळण्यातून उचललं. मले म्हणे, "तू हात लावू नको तिले." मी ओरडली, पाय धरले. प्रफुल तिथंच होता. काय करून राहिला होता माहीत आहे? चप्पल शोधून राहिला होता. पायाजवळच होती. त्याची माय पोरगी घेऊन फाटकाबाहेर गेली तरी हा चप्पल शोधूनच राहिला.

मी जिना चढली. मॅडम पोळी खात होत्या, उभ्या उभ्याच, नेहमीवाणी. मी काय नाही म्हटलं त्याईले! म्हटलं, तुम्ही मले तमाशात बसवलं. तुमच्या पोट्ट्याईले शिकायचं होतं म्हणून माह्यं पोट फाडलं. त्या ऐकत राहिल्या, हातात पोळी तशीच. मी दमली तेव्हा म्हणाल्या, "चूक माही आहे. मी काल विचारलं नाही."

"चूक ठेवा तुमच्याजवळ! माही पोरगी आणा!"

"आणू. पण आधी डॉक्टर."

मले वाटलं ढकलून द्यावं जिन्यावरून. पोरगी उपाशी, माही छाती दगडावाणी झालेली, आन मी सरकारी दवाखान्यात रांगेत! प्रफुलले बी ओढून आणलं होतं मॅडमनं, हातानं धरून, चपलीसकट. डॉक्टरीणबाईनं मले एकटीले विचारलं, सगळं परत विचारलं, मंग प्रफुलले आत घेतलं. म्हणाली, "हा आजार आहे, गोळ्या देते, दूध पाजता येईल. हिला एकटं ठेवू नका, पण बाळापासून तोडू नका. घरात कोणीतरी मोठं माणूस हवं, आणि दर आठवड्याला मला दाखवा." प्रफुलनं मान हलवली. जसा काही तो आतापर्यंत ऐकूनच राहिला होता.

एस.टी.च्या लाल गाडीनं पारशिवनीले गेलो. मी खिडकीले डोकं लावून मनातल्या मनात सगळ्याईले शिव्या देत होती.

सासू ओसरीवर बसली होती, आरू मांडीवर, वाटीत गाईचं दूध, चमचा. आरू तोंड फिरवून राहिली होती. समोरच्या दारात प्रणाली उभी, पांढरी पडलेली. मी धावली तं मॅडमनं मले मागं धरलं आन स्वतः सासूपुढं जमिनीवर बसल्या. आन काय केलं? ऐकत बसल्या! सासू बोले, ह्या "हं" म्हणे. सासू म्हणे, मी लेकरू मरू देऊ का? ह्या म्हणे, "तुम्हाले लय भेव वाटून राहिलं."

"वाटन नाही तं काय! रातभर डोळा नाही लागला. सुरी म्हणते बाई! तोंडानं म्हणते!"

"हं."

माह्या अंगाची आग झाली. माही बाजू घेऊन आली का तिची? एक शब्द माह्यासाठी नाही. सासू रडली, नाक पुसलं, परत बोलली. प्रफुल खांबाले टेकून उभा. आन मंग सासू म्हणाली, "इले वेड्याच्या दवाखान्यात टाका. लेकरू माह्यापाशी राहीन. मायले विसरून जाईन चार दिवसात."

मॅडम उठल्या. अशा ओरडल्या का पलीकडच्या घरातून लोकं बाहेर आले.

"विसरून जाईन? काय विसरून जाईन वं बाई? ते पोरगी सकाळपासून चमचा थुंकून राहिली, दिसत नाही तुले? तिच्या मायले आजार झाला, पाप नाही झालं! जे माय सुरी फळीवर लपवते ते पोरीले मारीन का? भेव वाटते तं तिच्या घरी जाऊन राहा, तिच्या बाजूले झोप, तिले दोन घास खाऊ घाल! लेकरू दे आत्ताच्या आत्ता!"

मॅडमचा श्वास फुललेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. सासूकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं. आन मंग, देवाची शपथ, त्या बाईनं जाड बूट काढले, सरळ सासूच्या सयपाकघरात शिरल्या, माठातून ग्लास भरला आन आणून सासूपुढं ठेवला. गुपचूप.

सासूले काही समजेना. म्हणे, "मले तहान नाही लागली."

"तुमची नाही," मॅडम म्हणाल्या. "सल्ला मी देल्ला, माही चूक आहे. घ्या."

समोरच्या दारात प्रणालीनं तोंडाले ओढणी लावली. ते हसत होती का रडत होती मले आजबी माहीत नाही. मले बी हसू फुटत होतं आन दात-ओठ खाऊन मी ते दाबून राहिली होती, कारण मले हसायचं नव्हतं, मले राग आला होता. तेवढ्यात त्या ओरडण्यानं आरू भोकाड पसरून रडली, आन माह्यं दूध सुटलं, पोलकं ओलंचिंब. सासूनं ते पाहिलं. ग्लासातलं पाणी एका घोटात पिऊन टाकलं आन पोरगी पुढं केली.

"पाज आधी. मंग पाहू. मी बी येते संगं, सांगून ठेवते."

आली. आन राहिली. भाजी तेच चिरे. आधी मले डोळ्यात तेल घालून पाहे, मंग नुसती पाहे, मंग पाहणंच सोडलं. गोळ्यानं विचार कमी झाले. गेले नाही एकदम, अजून कधी-कधी येतात, पण आता येऊन दारातूनच परततात. सुरी मात्र मी आजबी उलटी ठेवते.

प्रणालीले मॅडमनं एक झापड नाही मारली. मी वाट पाहून राहिली होती. त्या तिले म्हणाल्या, "तू चूप नाही बसली ते बरोबर केलं. पण मले सांगायचं होतं. आन मी तुले बाहेर काढायचं होतं." बस. एवढंच. मी तं महिनाभर त्या पोट्टीचं नाव निघालं का भांडी आपटत होती.

आन मंग सगळ्यात मोठा गाढवपणा. कोणी तक्रार केली नव्हती. माह्या सासूनं नाही, मी नाही. ह्या स्वतः गेल्या प्रिन्सिपलकडे आन सगळं सांगून आल्या, का माह्या वर्गात असं झालं, माही चूक, पुढच्या वर्षी असं होऊ नये म्हणून असं-असं करा. प्रिन्सिपलनं काय करावं? म्हणे बाहेरच्या बायाईले वर्गात बसवताच काहून? तो वर्गच बंद केला. आता पोट्टे ऐकणं पुस्तकातून शिकतात, टिपणं काढून. आन पुढच्या सत्रात मॅडमले बोलावणंच नाही. तासिकेवरच्या माणसाले काढावं बी लागत नाही, बोलावलं नाही का झालं.

मी त्याईले म्हटलं, काहून गेल्या सांगाले? म्हणे, "पोट्ट्याईले सांगते ना, चूप बसायचं नाही म्हणून." अशा बाईवर राग येईन नाही तं काय?

यवतमाळले भाऊ होता त्याईचा, तिकडे चालल्या. टेम्पो आला. पुस्तकं मागं, गादी मागं, आन मॅडम पुढं ड्रायव्हरच्या बाजूले, मांडीवर तो कुकर. भरला होता बहुतेक, दोरीनं बांधला होता. सासू आरूले कडेवर घेऊन फाटकाशी उभी. मी खिडकीजवळ गेली. रडायचं नव्हतं मले, म्हणून भांडली.

"भावाकडे जास्त दिवस राहू नका, तुमची वहिनी बोलते तुम्हाले, मले माहीत आहे. आन जाच्या आधी त्या प्रिन्सिपलले एकदा चांगलं सुनवून जा. असं काहून जाता गुपचूप?"

मॅडम चष्म्यावरून पाहत राहिल्या, भुवई वर करून. मले कळलं. पाय आपटत आत गेली, ग्लास भरून आणला. त्या घटाघटा प्यायल्या, अर्धं कुकरवर सांडलं, ओढणीनं तोंड पुसलं आन रिकामा ग्लास माह्या हातात देल्ला.

"आणखी आण," म्हणाल्या. "दोन देल्ले तू."

मी परत आत गेली. माठापाशी उभी राहिली तं मले एवढा राग येऊन राहिला होता का ग्लास भरून हातावरून वाहाले लागला तरी मी भरतच राहिली. दारातून टेम्पोची खिडकी दिसत होती आन खिडकीतून बाहेर आलेला मॅडमचा हात, ग्लाससाठी. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

"थांब गा!" माही सासू त्याच्यावर ओरडली. "बाईले पाणी पिऊ दे आधी!"